येथे मोठ्याने बोलावे

अंबरनाथच्या एमआयडीसीत कुमुदिनी गुप्ते यांच्या गाळ्याचा पत्ता कुणाला विचारावा लागत नसे. रिक्षातून उतरायचे आणि प्रेसच्या ठोक्यांच्या दिशेने चालू लागायचे. ठोक्यांच्याही वर एका बाईचा आवाज ऐकू आला की समजायचे, आलो.

पत्र्याच्या बिजागऱ्या, कड्या आणि कोयंडे ठोकून काढण्याचा हा उद्योग त्यांनी ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमारास सुरू केला. वडिलांचा लालबागेत कुलपांचा कारखाना होता. इतर मुली भातुकली मांडत त्या वयात कुमुदिनी साच्याखालून पडणाऱ्या चकत्या वेचत बसे. लग्न होऊन त्या बदलापूरला आल्या. नवरा श्यामकांत एका मोठ्या रासायनिक कारखान्यात अधिकारी होता. इस्त्रीची पँट, गोड बोलणे, कुणाशी वाकडे नाही. असा नवरा मिळायला भाग्य लागते, असे माहेरची माणसे म्हणत. कुमुदिनीबाईंनाही बरीच वर्षे तसेच वाटत होते.

प्रेसपाशी वर्षे काढली की माणसाचे कान जड होतात आणि आवाज चढतो. कुमुदिनीबाईंना हळू बोलताच येत नसे. बारशाला नाही, सत्यनारायणाला नाही, मयतालाही नाही. नणंदा म्हणत, "वहिनी, जरा हळू." त्या म्हणत, "हळू बोलावं असं माझ्याकडे काही नाहीये."

मुलूख मात्र असा होता, की त्यात कामाचे सगळे हळूच बोलले जाई.

शहाऐंशी साली त्यांनी बँकेचे कर्ज काढून एक मोठा प्रेस घेतला. लहान प्रेसवर खिडक्यांच्या बिजागऱ्या निघत, पण लोखंडी ट्रंकांच्या जाड बिजागऱ्यांना मोठाच लागे. उल्हासनगरच्या बाजारात ट्रंका विकणारे लछमनदास त्यांचे जुने गिऱ्हाईक. निघेल तेवढा माल उचलतो, म्हणाले. प्रेस आला, पाया भरला, यंत्र बसले, आणि त्यावर ताडपत्री पडली. कारण ते चालवायला वाढीव लोड, म्हणजे जास्त विजेची मंजुरी लागत होती, आणि तिचा अर्ज विजेच्या कचेरीत भगवंत ठोसर नावाच्या साहेबाच्या टेबलावर निजला होता.

दर खंडेनवमीला ताडपत्री निघे. प्रेसला हळदकुंकू लागे, झेंडूचा हार पडे, नारळ फुटे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताडपत्री. न चालणाऱ्या यंत्राची पूजा करणारा कारखाना जगात आपला एकच, असे त्यांना वाटे. तसे नव्हते. त्याच गल्लीत आणखी दोन गाळ्यांत अशीच यंत्रे हार घालून झोपली होती. बँकेचे व्याज तेवढे जागे होते. देश गरीब का, यावर जाडजूड पुस्तके लिहिणाऱ्यांनी एकदा या ताडपत्र्या उचलून पाहाव्यात, असे त्या म्हणत. अर्थात मोठ्याने.

ठोसर राक्षस नव्हता. राक्षसाला निदान काही उंची असते. हा आपला सफारी घातलेला, कपाळाला गंध लावलेला, दर संकष्टीला टिटवाळ्याला जाणारा माणूस. तो कधी कुणाला नाही म्हणत नसे. तो म्हणे, "बघू." आणि या एका शब्दावर त्याने बदलापुरात दुमजली घर उभे केले होते. त्याने स्वतःच्या हाताने उभी केलेली दुसरी वस्तू म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेली डीपी. गल्लीला वीज पुरवणारा तो ट्रान्सफॉर्मर लवकर बसावा म्हणून गाळेवाल्यांनी पूर्वी वर्गणी काढून त्याला खूश केले होते. श्यामकांतरावांनीच त्यात पुढाकार घेतला होता. डीपी लवकर बसली. फक्त ती नवी नव्हती. कुठूनतरी काढलेली जुनी, वरून रंग फासलेली. तेव्हापासून गल्लीतले सगळे गाळे एकदम चालू झाले की ती मान टाकी. प्रेसवरच्या बायकांना इतकी सवय झाली होती, की दिवे मंद झाले की त्या आपोआप साच्याखालून हात काढून घेत, आणि अंधार पडला की पाणी प्यायला उठत. गाळेवाल्यांनी पैसे देऊन अंधार विकत घेतला होता, आणि ते त्याला व्यवहार म्हणत होते.

एका रविवारी श्रीपाद अण्णा बदलापूरच्या घरी आले. हे लांबून श्यामकांतरावांच्या नात्यातले. पूर्वी कुठल्याशा कचेरीत कारकून होते, आता लोकांची कामे करून देत. म्हणजे साहेब आणि लोक यांच्यामध्ये नळीसारखे बसत, आणि वाहून जाणाऱ्यातले थोडे आपल्याकडे झिरपू देत. शंकरपाळे तोंडात टाकून ते म्हणाले, "वहिनी, त्या लोडचं... ठोसरसाहेबांचं थोडं बघावं लागेल."

"काय बघायचं? त्यांच्या मुलीसाठी स्थळ?"

"तसं नव्हे हो. आपलं... रीतीप्रमाणं."

"रीतीप्रमाणं अर्ज दिलाय. रीतीप्रमाणं पैसे भरलेत, पावती आहे. आता कुठली रीत राहिली? ओटी भरायची?"

श्यामकांतराव घाईने म्हणाले, "अगं कुमुद, अण्णा काय म्हणतायत ते तुला कळतंय."

"कळतंय. पण ते म्हणत नाहीयेत ना! म्हणू देत की."

अण्णा म्हणाले नाहीत. शंकरपाळे संपवून ते उठले, आणि दारात श्यामकांतरावांच्या कानाशी लागले. कुमुदिनीबाईंच्या मनात आले, जे काम कुजबुजून करावे लागते ते एक तर प्रेमाचे असते नाही तर चोरीचे. आणि अण्णांचे कुणावर प्रेम असल्याचे त्यांनी कधी ऐकले नव्हते.

असली बाई सूचना समजून घेत नाही म्हटल्यावर एकोणनव्वदच्या मे महिन्यात ठोसर स्वतःच गाळ्यात आला. नाकाला रुमाल लावून. चारपैकी तीन लहान प्रेस चालू होते. कुमुदिनीबाई बंद केलेल्या चौथ्यापाशी वाकून साच्याचा बोल्ट आवळत होत्या.

"बाई, जरा बाहेर येता का?"

"काय?"

"बाहेर! बोलायचं होतं!"

"इथंच बोला! पाना सोडला तर साचा हलेल!"

ठोसर जवळ सरकला. "लोडचं कसं करायचं मग?"

"मंजूर करायचं!"

"वरचे साहेब अडून बसलेत."

"ऐकू येत नाही! मोठ्यानं बोला!"

"वरचे साहेब! अडून बसलेत! त्यांचं मन वळवावं लागेल!"

"मग वळवा! मी काय करू?"

त्याच्या कपाळावरचे गंध घामाने ओघळू लागले. तिन्ही बाजूंनी ठोके पडत होते. असल्या गोष्टी त्याने जन्मात कधी उभ्याने सांगितल्या नव्हत्या. टेबल, पंखा, अर्धे लोटलेले दार, समोर ओशाळून बसलेला माणूस, या सगळ्याशिवाय त्याला लाच मागताच येत नव्हती. इतकी वर्षे तोच उद्योग करून त्याला आपल्या धंद्याचे कसबही नीट आले नव्हते. वैतागून त्याने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि फुप्फुसे फुगवली.

त्याच क्षणी पलीकडच्या गाळ्यात हरिचंद्र म्हात्रे यांनी कॉम्प्रेसर चालू केला. दिवे मंद झाले. बायकांनी सवयीने हात काढून घेतले. गल्लीच्या तोंडाशी ठोसरच्याच डीपीने मान टाकली, आणि एका दमात सगळी गल्ली गप्प झाली.

"पंधरा हजार! आणि वरच्या साहेबांचे वेगळे!"

ते वाक्य पत्र्याच्या छपराला लागून खाली आले, दारातून बाहेर गेले आणि गल्लीभर फिरले. ठोसरचे हात अजून तोंडाभोवतीच होते.

मग भिंतीपलीकडून हरिचंद्र म्हात्र्यांचा आवाज आला. "सस्त्यान सुटलाव वयनी! माझेकरशी पंचवीस नेलान त्यानी, न लोड अजून नाय!"

पलीकडच्या बाजूने आणखी कुणीतरी आपला आकडा ओरडले. ठोसर वळला तो थेट उंबऱ्याला अडखळला. प्रेसवरची विठा, बदलापूर गावातली, अगदी भाबड्या चेहऱ्याने म्हणाली, "बाई, साहेबांना पानी देऊ का? घसा बसला असंल."

विठाने ती गोष्ट संध्याकाळी गावात नेली आणि आठवड्याभरात ती बाजारात पोचली. ठोसर भाजी घ्यायला गेला की भाजीवाली म्हणे, "कोथिंबीर घ्या साहेब. कढीपत्त्याचे वेगळे." न्हाव्याने दाढी केल्यावर विचारले, मिशीचे वेगळे धरू का? कायद्याने ज्याचे काही वाकडे झाले नसते त्याला एका कढीपत्त्याने बेजार केले. पोटाचे निमित्त सांगून तो लांब रजेवर गेला.

ठोसर ओरडून गेला त्या रात्री घरी श्यामकांतराव जेवायचे थांबले होते. "झालं समाधान? आता जन्मात लोड मिळणार नाही."

"गेली तीन वर्षं आपण गप्प होतो. तेव्हा कुठं मिळालं?"

कुमुदिनीबाईंना मात्र त्या अंधारात एक गोष्ट लख्ख दिसली होती. या माणसांचे सगळे सामर्थ्य कुजबुजीत आहे. त्यांना उजेडात, चारचौघांत, मोठ्याने बोलायला लावले की ती फुटक्या फुग्याइतकीही उरत नाहीत. त्यांनी गल्लीतल्या गाळेवाल्यांना बोलावले आणि सांगितले, "यापुढे एकट्यानं कुणी साहेबाला भेटायचं नाही. जायचं तर सगळ्यांनी, दिवसाढवळ्या. टेबलासमोर उभं राहून अर्ज मोठ्यानं वाचायचा. अडवलं तर का अडवलं तेही तिथंच, मोठ्यानं विचारायचं."

गाळेवाल्यांनी माना डोलावल्या. त्यातला एक म्हणाला, मला बीपी आहे. एकाच्या साल्याचे लग्न निघाले. एकाने सांगितले, तत्त्व म्हणून पटते, पण साहेबाशी आपले संबंध चांगले आहेत. घेणाऱ्याला शिव्या देताना यांचा आवाज बेंबीच्या देठापासून येई, आणि शिव्या देऊन झाल्या की तेच मागच्या दाराने पाकीट देऊन येत. लाच बंद व्हावी असे त्यांना वाटतच नव्हते. शेजाऱ्याची बंद व्हावी, एवढेच वाटत होते.

तरीही हरिचंद्र म्हात्रे आले. त्यांच्या बापाची भातशेती याच वसाहतीत गेली होती, आणि आपल्याच जमिनीवर वीज मागायला पैसे चारावे लागतात हे त्यांना फार दिवस सलत होते. ते आले म्हणून आणखी चारपाच आले. कल्याणहून एक मोठे साहेब तपासणीला आले होते, त्यांच्यासमोर या मंडळींनी एकामागून एक अर्ज वाचले. हे मोठे साहेब काही सत्पुरुष नव्हते. पण त्यांना निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते आणि गोंगाटाची भीती होती. कधीकधी देशाचे कल्याण व्हायला एवढेही पुरते. त्यांनी डीपी तपासून बदलण्याचा हुकूम दिला, आणि लोडचे अर्ज तारखेप्रमाणे क्रमाने लावून ते कचेरीबाहेरच्या फळ्यावर लिहायला लावले. नंबराप्रमाणे मंजुरी, मध्ये कुणी घुसायचे नाही. ठोसरची बदली झाली. जिथे झाली तिथे कारखाने इथल्यापेक्षा मोठे होते.

फळ्यावर म्हात्र्यांचा नंबर आधी होता, कारण त्यांचा अर्ज आधीचा. कुमुदिनीबाईंचा बराच खाली. मंजुऱ्या खरोखरच क्रमाने निघू लागल्या, पण सरकारी चालीने.

श्रावणात लछमनदास आले. खुर्चीत बसून त्यांनी घाम पुसला आणि ताडपत्रीकडे बोट दाखवले. "मॅडम, ये दुल्हन कब घूंघट खोलेगी?"

"नंबर लागला की."

"साईं, नंबर तुमचा लागेल, पर सीझन निकल जाएगा. दसऱ्यापर्यंत माल चालू करा, नाही तर मी राजकोटवरून मंगवतो. लगीनसराई काय फळा बघून थांबणार?"

"दसऱ्यापर्यंत बघते," कुमुदिनीबाई म्हणाल्या, आणि आपल्या तोंडून ठोसरचा शब्द निघाला म्हणून त्यांनाच शरम वाटली. ही मागणी गेली तर बँकेचा हप्ता कुठून भरायचा हे त्यांना माहीत नव्हते. रात्री जेवताना त्यांनी हे नवऱ्याला सांगितले. श्यामकांतरावांनी ऐकून घेतले, त्यांच्या पानात लोणचे वाढले, आणि म्हणाले, "होईल सगळं. काळजी करू नकोस." भला माणूस.

गणपती उठले आणि एका शनिवारी दुपारी श्यामकांतराव पेढ्यांचा पुडा घेऊन गाळ्यात आले. "कुमुद! लोड मंजूर!"

कुमुदिनीबाईंचा विश्वास बसेना. विठाने आधी पेढा खाल्ला आणि मग ताडपत्रीची दोरी सोडायला धावली. कुमुदिनीबाई दुसरा पेढा घेऊन हौसेने म्हात्र्यांच्या गाळ्यात गेल्या.

हरिचंद्र म्हात्र्यांनी पेढ्याला हात लावला नाही. "वयनी, मी कचेरीनशीच येतय. फल्यावर तुमचा नंबर माझे वर चरलाय. शिकलेली मानसा लाइन तोरीत नाय, असा आमाला वाटलेला."

त्या पेढा हातात घेऊनच परत आल्या. प्रेस चालू होते. श्यामकांतराव खुर्चीत पाय हलवत बसले होते.

"आपला नंबर वर कसा गेला?"

श्यामकांतराव ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलले. त्यात अण्णांचे नाव होते एवढे त्यांच्या ओठांवरून कळले.

कुमुदिनीबाईंनी हात वर केला. हात वर झाला की प्रेस बंद करायचे, ही गाळ्यातली रीत होती. चारही प्रेस थांबले. डीपीने काही केले नव्हते. या वेळी अंधार नव्हता, लख्ख उजेड होता.

"आता सांगा. मोठ्यानं."

"अगं, सगळ्यांसमोर?"

"ठोसर सगळ्यांसमोर बोलला. तुम्ही त्याच्यापेक्षाही भित्रे निघालात."

श्यामकांतराव उभे राहिले. त्यांचा चेहरा लालभडक झाला होता. "मी अण्णांना थोडेसे दिले. त्यांनी कारकुनाला दिले. झालं? तुझ्यासाठीच दिले! या बायकांच्या पोटासाठी दिले!"

"स्वतःसाठी कुणी देतं का कधी?" कुमुदिनीबाई म्हणाल्या. "सगळे बायकोसाठीच देतात. मुलांसाठी, म्हाताऱ्या आईसाठी देतात. या देशात लाच देणारा एकजात श्रावणबाळ आहे."

बायका खाली बघू लागल्या. आपला माणूस इतका स्वस्त असेल असे कुमुदिनीबाईंना वाटले नव्हते. ठोसरने निदान दुमजली घर बांधले. यांनी बायकोचे एकच धड काम मोडले, आणि वर पेढे वाटले.

सोमवारी त्या विजेच्या कचेरीत गेल्या, एकट्या नाही, म्हात्र्यांना बरोबर घेऊन. टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "माझा नंबर चुकीनं वर गेलाय. तो पुन्हा खाली आणा."

कारकुनाने आधी मागे बघितले, आपल्याशीच बोलतायत का म्हणून. "बाई, लोक वर चढायला येतात."

"मी उतरायला आलेय. अर्जाच्या तारखेप्रमाणं. आत्ता, माझ्यासमोर."

साऱ्या कचेरीने माना वळवल्या. कारकून खडू घेऊन बाहेर गेला. म्हात्र्यांचे नाव पुन्हा वर आले. जाताना रिक्षाचे पैसे त्यांनी दिले.

श्यामकांतरावांना मात्र राहवेना. काम रद्द झाले, तर पैसे तरी परत मिळावेत, म्हणून ते अण्णांकडे गेले. अण्णा दुखावले. म्हणाले, "श्याम, दिलेली वस्तू परत मागतात का? काही नीतिमत्ता आहे की नाही?"

दसरा आला. खंडेनवमीला ताडपत्री निघाली, हळदकुंकू लागले. विठाने हार हातात धरून विचारले, "घालू का बाई?" कुमुदिनीबाई म्हणाल्या, "घाल. बिचाऱ्याचा काय दोष." लछमनदासांनी शब्द पाळला. त्या वर्षी उल्हासनगरात बनलेल्या ट्रंकांना राजकोटच्या बिजागऱ्या लागल्या, आणि अंबरनाथचा प्रेस हार घालून बसला. बँकेचा हप्ता भागवायला त्यांनी हातातल्या पाटल्या मोडल्या. गल्लीतल्या शहाण्यांनी सांगितले, हे असे होते, म्हणून आम्ही व्यवहाराने चालतो. त्या म्हणाल्या, "चाला. तुमच्या व्यवहारानंच राजकोट मोठं होतंय."

लोड मिळाले पौषात. आधी म्हात्र्यांना, मग त्यांना, नंबराप्रमाणे, कुणाला चहाचा कपही न पाजता. गाळ्याच्या दारावर त्यांनी रंगाऱ्याकडून तोवर पाटी लिहून घेतली होती: येथे मोठ्याने बोलावे.

प्रेस चालू व्हायच्या दिवशी म्हात्रे नारळ घेऊन आले. लछमनदासही राजकोटची एक बिजागरी खिशात घालून आले, तुलना करायला. कुमुदिनीबाईंनी पट्टी साच्याखाली सरकवली आणि पायाने खटका दाबला. पहिला ठोका असा पडला, की छपरावरची कबुतरे उडाली. पलीकडे म्हात्र्यांच्या गाळ्यातला कॉम्प्रेसरही सुरू झाला. सगळ्या बायकांनी सवयीने हात काढून घेतले आणि दिव्यांकडे बघत थांबल्या.

दिवे मंद झाले नाहीत. दुसरा ठोका पडला, तिसरा पडला. विठाला हसू फुटले आणि तिने हात पुन्हा कामाला लावला. लछमनदासांनी खिळा घालून जोडलेली गरम बिजागरी उचलून खिशातल्या बिजागरीशेजारी धरली, दोन्ही उघडमीट करून बघितल्या, आणि बोटांनी खूण केली, अर्धी ऑर्डर.

श्यामकांतराव दारात पाटीखाली उभे होते. कुणी त्यांना आत या म्हटले नव्हते. शेवटी ते आपणहून आले आणि बायकोच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले. शाबासकी असेल, माफी असेल. प्रेसच्या आवाजात काही कळले नाही.

कुमुदिनीबाईंनी त्यांना मोठ्याने बोलायला सांगितले नाही. त्यांनी पुढची पट्टी साच्याखाली सरकवली.